जिजीच्या मुठीतले मीठ

मी, सुचेता आत्माराम केळुसकर, वय वर्षे त्र्याहत्तर, व्यवसाय नटी, आता निवृत्त, राहणार गोडदेव, भाईंदर पूर्व, हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहिते. माझ्यावर कुणाचा दबाव नाही. दबाव आणण्याचा प्रयत्न झाला. तो कलम पाचमध्ये नोंदला आहे. स्मृती शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. शरीर थकले आहे, मन ठिकाणावर आहे. बरीच वर्षे हे उलट होते.

यातली वाक्ये माझी आहेत. चाळीस वर्षे मी दुसऱ्यांनी लिहिलेली वाक्ये बोलले आणि लोकांना ती माझी वाटली. त्या फरकासाठीच हा कागद लिहिते आहे.

कलम एक. याआधी केलेली मृत्युपत्रे रद्द समजावीत. तोंडी दिलेले शब्द रद्द समजू नयेत.

कलम दोन. या मृत्युपत्राची अंमलबजावणी ॲडव्होकेट रसिका नाबर हिने करावी. रसिका माझ्या नाट्यशिबिरात शिकायला येत असे. अभिनय तिला जमला नाही. ते तिला स्वतःला कळले आणि ती उठून गेली. एवढ्या गुणावर मी तिची निवड करते. मसुदा वाचून ती म्हणाली, "सुचेताताई, मृत्युपत्रात विशेषणं नसतात." मी विशेषणे काढली. राग क्रियापदांत ठेवला आहे.

कलम तीन. गोडदेवचे राहते घर, एक खोली आणि स्वयंपाकघर, माझा मुलगा चंदन याला द्यावे. याला अट नाही. आत्माराम आणि मी गिरगावातून इथे आलो तेव्हा तो वर्षाचाही नव्हता. इमारतीच्या मागे भात होते. तो चालायला बांधावर शिकला. घर त्याचे आहे. पुढे जे लिहिले आहे त्यामुळे घर कमी होत नाही.

कलम चार. किरकोळ वस्तू.

आत्माराम यांची विजेरी सून इशिता हिला द्यावी. आत्माराम दिवसा बँकेत कारकून आणि संध्याकाळी विंगेत प्रॉम्प्टर होते. विजेरीला निळा कागद लावलेला आहे, उजेड रंगमंचावर जाऊ नये म्हणून. प्रयोगाआधी ते मला एकच सांगत : "अडलीस तर थांब. मी देतो. मनाचं घालू नकोस." इशिताने या घरात एकदाच मोठा आवाज केला. तो कशासाठी केला ते पुढे येईल. माझे दागिने आणि बँकेत असेल ते तिलाच.

माझी पुस्तके गोडदेवच्या वाचनालयाला द्यावीत. त्यांनी ती घेतली नाहीत तर आग्रह करू नये.

जिजीचा, म्हणजे मालिकेतल्या माझ्या पात्राचा, विग चेणे गावातल्या बंगल्यावरचा माळी पिंटू याला द्यावा. त्या बंगल्यात आमचे चित्रीकरण होत असे. पिंटूने विग मागितला होता, वांग्याच्या वाफ्यातल्या बुजगावण्यासाठी. "मॅडम, तुमको देखके पंछी भी चूप बैठेगा," तो म्हणाला होता. तेव्हा मला अपमान वाटला. त्या विगला याहून प्रामाणिक काम मिळणार नाही. नऊवारी आणि खोटी नथ जाळावी. 'उमेदवार' यांच्या कार्यालयाने त्या काचेच्या कपाटात ठेवण्यासाठी दोनदा मागितल्या आहेत. देऊ नये.

'उमेदवार' म्हणजे आठ वर्षांपूर्वी ज्यांचा प्रचार मी केला ते गृहस्थ. ते निवडून आले, वाढले, आता इतरांना उमेदवारी देतात. त्यांचे नाव मी लिहिणार नाही. माझ्याकडून त्यांना पुरेशी प्रसिद्धी मिळाली आहे.

कलम पाच. माझा चेहरा, माझा आवाज आणि जिजी या पात्राच्या वेशातील माझी कोणतीही प्रतिमा कोणत्याही पक्षाने, उमेदवाराने, मंडळाने किंवा नातलगाने प्रचारासाठी वापरू नये. 'नातलगाने' हा शब्द रसिकाचा नाही. मी घातला.

गेल्या महिन्यात चंदन एका तरुणाला घेऊन आला. तरुणाच्या हातात संमतीचा कागद होता आणि एक बोटाएवढा माईक.

"आज्जी, फक्त वीस मिनिटं वाचायचं," तो म्हणाला. "काहीही वाचा. पेपर वाचलात तरी चालेल. बाकी मशीन करतं."

"बाकी म्हणजे काय?"

"म्हणजे मग जिजी काहीही बोलू शकते."

"मी न बोललेलंही?"

"तेच तर!" तो खूश झाला. मला समजले याचा त्याला आनंद झाला.

"आणि मी मेल्यावर?"

तो चंदनकडे पाहू लागला. चंदन म्हणाला, "आई, असं काय बोलतेस? तो टेक्निकल पॉइंट आहे."

चंदन दूरचित्रवाणीवर इन्स्पेक्टरचे काम करतो. ते तो नीट करतो. येत्या निवडणुकीत तो उभा राहणार आहे. पोस्टरचा नमुना त्याने मला फोनवर दाखवला. त्यात तो खाकी वर्दीत आहे, खाली 'आता वॉर्डात शिस्त' असे लिहिले आहे, आणि वरच्या कोपऱ्यात मी, जिजीच्या विगमध्ये, हात उंचावलेली.

"साहेबांनी स्वतः फोन केला," तो म्हणाला. "म्हणाले, जिजींचा मुलगा म्हणजे घरचाच. तिकीट जवळजवळ फायनल आहे. तुझा आवाज मिळाला की झालं."

"प्रभाग कार्यालय कुठे आहे, चंदन?"

"ते मॅपवर दिसतं गं."

"तू ह्या वर्दीत उभा राहणार. लोकांना वाटेल पोलीस आहेस."

"लोक वेडे नाहीयेत, आई. त्यांना माहितीये मी ॲक्टर आहे. प्रेम करतात ते. ते प्रेम मतात कन्व्हर्ट झालं तर तुला काय प्रॉब्लेम आहे? वकील चालतो, बिल्डर चालतो, ज्याच्यावर केसेस आहेत तो चालतो. नट आला की तुम्हाला लगेच लोकशाही आठवते!"

तेव्हा इशिता स्वयंपाकघरातून बाहेर आली. "ती खाकी आपली नाहीये चंदन, भाड्याची आहे," ती ओरडली. "परत करायची असते!" तरुणाने माईक खिशात घातला.

चंदनचा मुद्दा बरोबर आहे. मी तो इथे नोंदवते, कारण उत्तर सापडायला मला चार दिवस लागले. उत्तर असे.

पंढरीनाथ वाघधरे आमच्या नाटकांत नोकराची, भटजीची, दारुड्याची कामे करीत. लोक त्यांना पाहताच हसत. ते निवडणुकीला उभे राहिले, दोनदा पडले, तिसऱ्यांदा निवडून आले. पत्रकावर त्यांचा फोटो होता तो रेशन कार्डावरचा. सभेत कुणी ओरडले, "ओ, तो दारुड्याचा डायलॉग टाका!" तर ते म्हणत, "तो नाट्यगृहात. तिकीट काढून या. इथं गटाराबद्दल विचारा." पाच वर्षे ते एका नाल्याच्या मागे होते. त्या नाल्यात आता पाणी वाहते. त्यांच्याबद्दल कुठे छापून आले नाही.

म्हणून : नटाने निवडणूक लढवावी. तो नागरिक आहे. भूमिकेने लढवू नये. भूमिका नागरिक नसते. तिचे मतदार यादीत नाव नसते, तिच्यावर खटला भरता येत नाही, तिच्या घरी जाऊन जाब विचारता येत नाही. नाटकात तिसरी घंटा होते, पडदा उघडतो, पडदा पडतो, दिवे लागतात. प्रेक्षक आणि नट यांच्यात तो करार असतो : एवढा वेळ मी खोटे बोलेन, एवढा वेळ तुम्ही मानाल. प्रचाराच्या मंचावर घंटा होत नाही. पडदाही पडत नाही. लोक मानत राहतात आणि आपण गाडीत बसून घरी येतो.

पुढाऱ्यांना आम्ही नको असतो. आमच्यावरचा विश्वास हवा असतो. तो कमवायला वेळ लागतो, आणि आमच्याकडे तो आयता असतो. आम्ही तो खोटेपणातून कमावलेला असतो, हे त्यांना चालते. आम्हालाही चालते. मुलाखतींत मला विचारत, कलावंतांनी राजकारणात यावे का? मी म्हणायचे, समाजाचे ऋण फेडायला हवे. वाक्य चांगले होते. कुणाचे होते आठवत नाही.

रसिका म्हणते, मेलेल्या माणसाच्या आवाजाबद्दल कायदा स्पष्ट नाही. हे कलम न्यायालयात टिकेलच असे नाही. तर मग हे कलम न्यायालयासाठी नाही. चंदनसाठी आहे. त्याला वाचता येते.

कलम सहा. राईची सभा. हे कलम मालमत्तेचे नाही, पण पुढची दोन कलमे याच्यावर उभी आहेत.

राई गावात खाडीच्या काठाला एक मोकळी जागा होती. तिथे बायका जवळा सुकवत. लग्नाचे मांडव तिथेच पडत, होड्या तिथेच ओढत. सातबाऱ्यावर नाव दुसऱ्याचे होते. वापर गावाचा होता, कुणाला आठवत नाही तेव्हापासूनचा. त्या जागेवर इमारती येणार अशी बातमी होती आणि निवडणूक तोंडावर होती.

गावात मिठागरे पिकत होती तेव्हाची तिथली एक रीत आहे. महत्त्वाचा शब्द द्यायचा तर मुठीत मीठ घेऊन द्यायचा. ज्याला शब्द दिला तो ते मीठ बरणीत जपतो. शब्द पुरा झाला की मीठ खाडीत सोडतात. शब्द मोडला तर ते देणाऱ्याच्या उंबऱ्यावर परत नेऊन ठेवतात. भांडण करत नाहीत. नुसते ठेवून येतात.

मालिकेच्या लेखकाने ही रीत तिकडच्या कुणाकडून ऐकली आणि माझ्या पात्राला दिली. सहा वर्षे, रोज संध्याकाळी साडेसातला, जिजी मुठीत मीठ घेऊन गावाचे तंटे सोडवीत असे. सेटवर ते मीठ नव्हते. दिव्यांच्या उष्णतेत तळहाताला घाम येई, मीठ झोंबे, म्हणून साखर देत. सहा वर्षे मी साखरेवर शपथा घेतल्या. दृश्य संपले की हात धुवायचा, नाहीतर मुंग्या येत.

उमेदवारांच्या माणसांनी मला राईत जिजीच्या वेशात नेले. कागदावर माझे वाक्य लिहिलेले होते : 'ही जागा जाणार नाही, हा जिजीचा शब्द आहे.' मुठीत घ्यायला त्यांनी पुडीत साखर आणली होती. त्यांनी मालिकेचा अभ्यास केला होता.

राईचे लोक भोळे नव्हते. भोळ्या माणसांना फसवले असे म्हणून मी सुटणार नाही. मालिका खोटी असते हे त्यांना ठाऊक होते. म्हणूनच शेवंती नाथा भोईर ही बाई गर्दीतून पुढे आली. तिच्या पदरात खडे मीठ होते.

"टीवीवर तू काय घेतेस ते तुजं तुला ठाव," ती म्हणाली. "हे आमचं हाय. हे घे."

मी घेतले. विगच्या पिनेने तळहातावर ओरखडा आला होता. मीठ त्यात गेले. झोंबले. माझ्या डोळ्यांत पाणी आले. ते पाणी मी वापरले.

कागदावरचे वाक्य मी बोलले. समोर शांतता झाली. टाळी सगळ्यांना कळते. शांतता फक्त नटाला कळते, आणि तिच्यासाठी तो काहीही करतो. मी मूठ वर नेली आणि म्हणाले, "मी आहे तोवर इथे वीट लागणार नाही."

हे वाक्य कागदावर नव्हते. हे मी मनाचे घातले. आत्माराम जाऊन दोन वर्षे झाली होती. राईच्या सभेला विंग नव्हती.

अकरा महिन्यांनी त्या जागेभोवती पत्रे लागले. मी उमेदवारांना फोन केला. ते म्हणाले, "जिजी, तुम्ही कशाला टेन्शन घेता? तुमचं काम छान झालं." मी म्हणाले, मी शब्द दिला होता. ते हसले. वाईट हसले नाहीत. मी विनोद केला असे समजून हसले. "अहो, तो सीन होता," ते म्हणाले.

राईची माणसे कार्यालयांत गेली. तिथे त्यांना विचारले, लेखी काही आहे? साक्षीदार कोण? ते म्हणाले, सगळा गाव. तिथले साहेब म्हणाले, सगळा गाव म्हणजे कुणीच नाही. एक नाव सांगा, एक कागद दाखवा.

नंतर एका सकाळी शेवंतीबाई गोडदेवला माझ्या दारात आली. हातात चिनीमातीची बरणी होती.

"ओलखलंस?"

"या ना, आत या."

"आत न्हाय. उंबऱ्यावरचं काम हाय." तिने बरणी ठेवली. मग म्हणाली, "तुज्या त्या मालिकेत जिजी खोटी पडली की काय होतं गं?"

"तसा भाग कधी लिहिलाच नाही."

"मंग आता तू लिव," ती म्हणाली आणि जिना उतरली.

कलम सात. राई येथील इमारतीतील तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट शेवंती नाथा भोईर यांना द्यावा.

हा फ्लॅट मला उमेदवारांच्या मेहुण्यांनी सवलतीत दिला. पत्ता मी विचारला नाही. चावी घ्यायला गेले, खिडकी उघडली, समोर खाडी दिसली, आणि मी कुठे उभी आहे ते कळले. जवळा जिथे वाळत घालत त्याच्या बरोबर वर, तिसऱ्या मजल्यावर. तेव्हा चावी परत करता आली असती. मी ती पर्समध्ये ठेवली. हे वाक्य मी तीनदा लिहून तीनदा खोडले. आता राहू देते.

त्या घरात मी एक दिवसही राहिले नाही. सोसायटीचा नियम क्रमांक अकरा असा : गच्चीत अथवा खिडकीत मासळी वाळत घालण्यास मनाई आहे. ज्याने हा नियम लिहिला त्याला खाली काय होते ते माहीत नसावे. किंवा माहीत असावे.

कलम आठ. चिनीमातीची बरणी आणि तिच्यातले मीठ माझा मुलगा चंदन याला द्यावे.

सात वर्षे ती स्वयंपाकघरात, वरच्या फळीवर आहे. इशिताने एकदा डाळीत घालायला काढली होती. मी तिच्या हातातून घेतली. पावसाळ्यात झाकण लावूनही आतले मीठ ओले होते, थंडीत पुन्हा खडे धरते. शब्द पुरा झाला नाही म्हणून ते खाडीत सोडता येत नाही. मोडला म्हणून फेकता येत नाही.

चंदन, तू माझा आशीर्वाद मागितलास. हा तो. उभे राहायचे असेल तर राहा. तो तुझा हक्क आहे आणि मी तो काढून घेऊ शकत नाही, घेणारही नाही. खाकी परत कर. कोपऱ्यातली मी काढून टाक. प्रभाग कार्यालय शोध, मॅपवर नाही, पायाने. आणि पहिल्या सभेला जाण्याआधी बरणीत हात घाल, मूठ आवळ, आणि जे बोलणार आहेस ते स्वयंपाकघरात एकट्याने एकदा बोलून बघ. तळहाताला ओरखडा असेल तर उत्तम.

कलम नऊ. अंत्यविधी साधा करावा. फ्लेक्स लावू नये. भाईंदरच्या चौकांत मी असे फ्लेक्स पाहिले आहेत : मध्ये मेलेल्याचा लहान चेहरा, भोवती हात जोडलेले सतरा जण, त्यांतले चार गॉगल लावलेले, आणि तळाशी 'शोकाकुल' या शब्दापुढे पदांसकट नावे. मेलेला माणूस नकार देऊ शकत नाही, एवढीच त्याची पात्रता असते. माझ्या मृत्यूवर कुणीही आपला चेहरा छापू नये. छापला तर तो उतरवण्याचा अधिकार मी रसिकाला देते. ती शिडीवर चढते, मी पाहिले आहे.

'जिजी गेली' असे कुणी लिहू नये. जिजी नव्हतीच.

पुरवणी. सही करण्याच्या दिवशी लिहिलेली.

साक्षीदार म्हणून पंढरीनाथ आणि खालच्या मजल्यावरचे एक गृहस्थ ठरले होते. शेवंतीबाईला मी निरोप धाडला होता, कलम सात तिला तिच्यासमोर वाचून दाखवावे म्हणून. ती येईल असे मला वाटले नव्हते. ती आली. सोबत नात चांदणी होती. चांदणी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. शेवंतीबाई या वेळी उंबऱ्याच्या आत आली, पण खुर्चीवर बसली नाही.

रसिकाने कलम सहा आणि सात वाचले. मग शेवंतीबाई म्हणाली, "खाली आमची जागा, आन आमी वर लटकायचं? मना नको."

"आजी," चांदणी म्हणाली, "मला हवंय."

"तुला कशाला गं?"

"हॉस्टेलला सहा जणी एका रूममध्ये आहोत. तुझा जवळा मला आठवतो, जागा आठवत नाही. मी अकरा वर्षांची होते. मला घर पायजे."

"नियम काय बोलला, अकरा?" शेवंतीबाईने रसिकाला विचारले.

"खिडकीत मासळी वाळवायची नाही."

"बरं," ती चांदणीला म्हणाली. "घे. पन खिडकी माजी."

मग तिने टेबलावरच्या कागदाकडे बोट केले. "हितं सही कोनाची?"

"साक्षीदारांची," रसिका म्हणाली. "ताईंनी हे समोर बसून केलं, याची."

"मना करू दे."

रसिकाने तिला समजावले की ज्याला मालमत्ता मिळते त्याने साक्षीदार होऊ नये. नातीला मिळाली तर अडचण नाही, पण तिचे स्वतःचे नाव कलम सातमध्ये राहिले तर तिला साक्ष देता येणार नाही, म्हणून साक्ष द्यायची की घर घ्यायचे ते तिने ठरवावे.

"मंग खोड माजं नाव," शेवंतीबाई म्हणाली. "तवा सगला गाव साक्षीला व्हता. साहेब बोलला, एक नाव सांगा. हे लिव. हे एक नाव."

त्यानुसार कलम सातमधील 'शेवंती नाथा भोईर' हे नाव खोडून तिथे 'चांदणी, शेवंती नाथा भोईर यांची नात' असे वाचावे. खाडाखोडीशेजारी मी सही केली आहे. खालच्या मजल्यावरचे गृहस्थ चहा घेऊन परत गेले.

आणखी एक दुरुस्ती. राईत मी म्हणाले होते, 'मी आहे तोवर इथे वीट लागणार नाही.' माझ्या मृत्यूने त्या वाक्याची मुदत संपते असे कुणी म्हणेल. उमेदवार नक्की म्हणतील. तेव्हा त्यातले पहिले तीन शब्द मी आज खोडते. उरलेले वाक्य खोटे आहे, कारण विटा लागल्या आहेत. ते खोटे माझे आहे आणि माझ्यामागे माझ्या नावावर राहील.

मी पेन उचलले तेव्हा शेवंतीबाई म्हणाली, "थांब. बरनी कुठाय?"

चांदणीने फळीवरून काढून दिली. शेवंतीबाईने मूठभर मीठ काढले आणि माझ्या डाव्या हातावर ठेवले. हे पत्र अमलात येईपर्यंत ही मूठ ती आपल्याकडे जपेल. पुरे झाले की खाडीत सोडेल. बरणीतले उरलेले कलम आठप्रमाणे चंदनचे.

रक्त तपासायला सकाळी त्या हाताच्या बोटाला सुई टोचली होती, त्या जागी मीठ गेले. खोलीत शांतता झाली. चार माणसे माझ्याकडे पाहत होती.

मूठ आवळून मी उजव्या हाताने सही केली. काही बोलले नाही.

स्थळ : गोडदेव, भाईंदर पूर्व
दिनांक : ९ नोव्हेंबर २०२५, रविवार

(सही) सुचेता आत्माराम केळुसकर

आमच्यासमोर, आम्ही दोघे एकत्र हजर असताना, वरील बाईंनी सही केली. त्यांच्या डाव्या हातात मीठ होते. ते खरे होते.

साक्षीदार :
१. शेवंती नाथा भोईर, राई. डाव्या हाताचा अंगठा.
२. (सही) पंढरीनाथ वाघधरे, मिरा रोड.